डेडच्या पुढचा शब्द

‘डेड’ म्हणजे मेलेला, असं मला शाळेत शिकवलं होतं. पुढे तारखात्यात लागलो आणि थोड्याच दिवसांत लक्षात आलं, की एवढाच अर्थ धरून बसलो तर वसईत रोज कुणाच्या ना कुणाच्या घरी सुतक पाळावं लागेल.

माझी उमेदीची सगळी वर्षं वसईच्या पोस्टात तारमास्तर म्हणून गेली. तारमास्तर म्हणजे काय, हे आता समजावून सांगावं लागतं, म्हणून सांगतो. टेबलावर एक पितळी यंत्र असायचं. मुंबईच्या तारमास्तरानं तिकडे बटण दाबलं की इकडे ते ‘कट्ट, कडकट्ट’ असं वाजायचं. छोटे ठोके, लांब ठोके, त्यांची अक्षरं आणि अक्षरांचे शब्द. ठोका नीट ऐकू यावा म्हणून यंत्रामागे सिगारेटचा रिकामा डबा उभा करून ठेवायचा. ही युक्ती कुठल्या नियमांच्या पुस्तकात नव्हती, पण मी पाहिलेल्या प्रत्येक तारघरात तो डबा होता. आम्ही कानानं वाचायचो आणि हातानं लिहायचो. तार इंग्रजीत यायची. ज्याच्या नावानं यायची त्याला बहुतेक वेळा इंग्रजीचा गंध नसायचा. तेव्हा नियमात काहीही असो, तार पोचवणं आणि तिचा अर्थ सांगणं ही दोन्ही कामं आमचीच होती.

आता हा डेड. यंत्र बंद पडलं की आम्ही म्हणायचो, “लाइन डेड आहे.” पोस्टातली खुर्च्या-टेबलं, घड्याळ, शाईच्या दौती यांची नोंद ज्यात असते तो ‘डेड स्टॉक’. पत्ता लागत नाही आणि परतही पाठवता येत नाहीत अशी पत्रं ‘डेड लेटर’. आमचे पोस्टमास्तर बर्वेसाहेब म्हणायचे, “आपल्या खात्यात मेलेल्याला जिवंत माणसापेक्षा जास्त मान आहे. त्याची दरसाल मोजदाद होते.”

व्यापारातला डेड आणखी निराळा. गास गावचे दामूभाऊ पानवेलीचे मोठे बागायतदार. त्यांची पानं रेल्वेनं पार उत्तरेला जायची. एकदा तिकडच्या अडत्याची तार आली. बाजार पडलाय, पानं पाठवू नका, एवढंच त्याला सांगायचं होतं, पण त्यानं व्यापाऱ्यांच्या इंग्रजीत लिहिलं होतं, की मार्केट डेड. आमचा शिपाई तार देऊन परतला. गावातल्या कुणा शिकाऊ पोरानं ती दामूभाऊंच्या आईला वाचून दाखवली, ‘मार्केट मेला’. म्हातारीनं विचारलं, “हा मार्केट कोन? आपल्यातलाच का?” कुणालाच सांगता येईना. तेव्हा ती म्हणाली, “पानं घेत व्हता ना आपली? मंग आंघोळ तरी करा रे.” दामूभाऊ ओल्या अंगानं, पंचा गुंडाळून, सायकल मारत पोस्टात आले आणि खिडकीतून विचारते झाले, “मास्तर, सुतक किती दिवसांचं?” मी अर्थ सांगितला तेव्हा कपाळाला हात लावून म्हणाले, “मानूस मेला असता तरी परवडलं असतं हो. बाजार मेला म्हंजे पानं सडली माझी.”

अशा गमती पुष्कळ. पण मी आज लिहायला बसलोय तो पाचूबंदरच्या कतरीनबायसाठी.

स्वातंत्र्य मिळून दोन-तीन वर्षं झाली असतील. दिवाळी तोंडावर आली होती. पाऊस संपला म्हणून सगळ्यांनी होड्या बाहेर काढल्या होत्या आणि अचानक मोठं वादळ आलं. वसईत माड पडले, कौलं उडाली, केळीच्या बागा झोपल्या. पाचूबंदरच्या बाकीच्या होड्या कशाबशा किनाऱ्याला लागल्या. एक लागली नाही. तिच्यावर चौघं होते. होडी हाकणारा तांडेल पास्कू, त्याचा थोरला मुलगा जुजे, पास्कूचा मेहुणा मिंगेल आणि शेजारचा हिरू कोळी.

कतरीनबाय ही या पास्कूची बायको. एकाच होडीत तिचा नवरा, मुलगा आणि भाऊ होते. ती आमच्या घरी मासळी घालायची, त्यामुळे माझी चांगल्या ओळखीची. उंच, काटक बाई. बाजारात बसली की तिचा आवाज मासळीच्या ओट्यांपासून थेट आमच्या खिडकीपर्यंत यायचा. तिच्या बोलीत सगळ्यांना ‘तू’च. मला तू, बर्वेसाहेबांना तू, आणि एकदा तपासणीला आलेल्या वरिष्ठ साहेबांनाही तिनं “तू जरा बाजूला हो, उजेड अडवतोस” असं सांगितलेलं मी ऐकलंय.

वादळानंतर ती रोज पोस्टात येऊ लागली. सोबत हिरूची बायको चंद्रा. तिचं लग्न होऊन वर्षही झालं नव्हतं. कतरीनबाय खिडकीशी यायची, विचारायची, “आलंय काय?” मी मान हलवायचो. ती म्हणायची, “बरं,” आणि चंद्राचा हात धरून परत जायची. रडणं नाही, दैवाला दोष देणं नाही. तिचं ते ‘बरं’ ऐकून माझाच जीव कासावीस व्हायचा.

वादळात आमची तार ठिकठिकाणी तुटली होती. लाइनमन धर्मानं ती जोडली, पण ती जोडणी तात्पुरती होती. झाडांच्या फांद्या तारेवर लोंबत होत्या. वारा आला की लाइन मधेच मरायची आणि परत जिवंत व्हायची.

असाच एक दिवस. ऊन पडलं होतं. खिडकीशी एका वकिलांचे कारकून सदूभाऊ आपल्या साहेबांची तार लावायला उभे होते. त्यांच्यामागे ओट्यावर कतरीनबाय आणि चंद्रा नुकत्याच येऊन टेकल्या होत्या. मुंबईनं हाक दिली. मी पेन्सिल उचलली.

आधी येते ती शब्दांची संख्या, मग पत्ता. पत्त्यात ‘कतरीन’ आलं. पुढे ‘पाचूबंदर’. मग मजकूर. काठेवाडच्या किनाऱ्यावरच्या एका लहानशा बंदरातून तार आली होती. मी लिहीत गेलो. होडी इथे किनाऱ्यावर फुटली. ऑल. फोर. डेड.

आणि यंत्र थांबलं.

मी पेन्सिल कागदावर टेकवून तसाच बसलो. पुढचा ठोका येईना. बटण दाबून मुंबईला हाक दिली. उत्तर नाही. तपासणीची सुई पाहिली, ती हलत नव्हती. लाइन डेड.

तार पुरी झाली नव्हती, एवढं मला नक्की ठाऊक होतं. तारेच्या सुरुवातीला जेवढे शब्द सांगितले होते तेवढे आले नव्हते; अजून काही यायचे होते. पण ते कुठले? पाठवणाऱ्याचं नाव असेल. कुणी तरी या, असा निरोप असेल. प्रेतांचं काय करायचं, असं विचारलेलं असेल. अर्धवट तार कुणाला द्यायची नाही आणि वाचूनही दाखवायची नाही, असा नियम होता आणि तो चांगला नियम होता. मी कागद पालथा घालायला हात पुढे केला. पण तेवढ्यात सदूभाऊंची नजर त्यावर पडली होती. माणूस वाईट नव्हता, पण तोंडातून निघून गेलं.

“अरे देवा! डेड?”

आता, पाचूबंदरला इंग्रजी कुणाला येत नव्हतं, पण हा एक शब्द तिथल्या लहान मुलालाही ठाऊक होता. समुद्रानं कुणाला किनाऱ्यावर आणून टाकलं की पोलीस यायचे आणि पंचनाम्यात म्हणायचे, डेडबॉडी. चंद्रा ओट्यावरून उठली. तिनं माझ्याकडे पाहिलं. माझा चेहरा काय सांगत होता देव जाणे. तिच्या घशातून जो आवाज निघाला तो मी आजही विसरलेलो नाही. पोरीनं दोन्ही हात वर केले आणि मनगटं पोस्टाच्या दगडी उंबऱ्यावर आपटायला ती खाली वाकली.

कतरीनबायनं तिचे दोन्ही हात वरच्या वर धरले.

“सोड मला!” चंद्रा ओरडली. “गेला माझा!”

“गप,” कतरीनबाय म्हणाली. मग तिनं माझ्याकडे मान वळवली. चंद्राचे हात तिनं सोडले नव्हते. “मास्तर, आमचीच तार हाय ना ती?”

आता खोटं बोलण्यात काही अर्थ नव्हता. “हो. पण पुरी झालेली नाही. मधेच तुटली.”

“अर्धी हाय?”

“अर्धी आहे. अजून शब्द यायचेत.”

“ऐकलंस?” ती चंद्राला म्हणाली. “तार अर्धी हाय. अर्ध्या तारेवर कुनी बांगड्या फोडते काय?”

गलका ऐकून बर्वेसाहेब आतून बाहेर आले. त्यांनी कागद पाहिला, चष्मा काढला, पुसला आणि परत घातला. मग दोघींना आत घेऊन माझ्या टेबलासमोरच्या बाकावर बसवलं. आमच्या तारेच्या खोलीत बाहेरच्या माणसाला यायला सक्त मनाई होती. ते स्वतः नियमांचे फार कडक. त्या दिवशी मनाईची पाटी त्यांच्या डोक्यावर होती आणि तिच्याखाली उभं राहून ते शिपायाला सांगत होते, “बायकांना पाणी दे.”

धर्माला आम्ही सायकलवर पिटाळलं. रेल्वेची तार वेगळी असते, म्हणून एक माणूस वसई रोड स्टेशनवरही पाठवला. पण वादळानंतर गाड्यांचाच घोळ चालला होता, तिकडून लवकर काही कळेल अशी आशा नव्हती.

मग कतरीनबायनं मला विचारलं, “मास्तर, ह्या डेडच्या फुडे दुसरा सबद येतो काय कवा?”

या प्रश्नाला मी आजही सलाम करतो. नवरा, मुलगा आणि भाऊ, तिघांच्या मरणाचा शब्द समोर पडलेला असताना त्या बाईला हे सुचलं. मी तर कागदाकडे बघून अर्धामुर्धा खचलो होतो.

“येतो,” मी म्हणालो. “पुष्कळ येतात.”

“मंग सांग.”

बर्वेसाहेबांच्या टेबलाच्या खणात एक जाडजूड इंग्रजी कोश असायचा. त्यांनी तो आणला आणि आम्ही दोघं त्या पानावर वाकलो. डेड या एका शब्दाच्या पोटात किती शब्द! मी एकेक वाचायचो, साहेब अर्थ सांगायचे आणि मग दोघं मिळून तो शब्द तारेच्या त्या तीन शब्दांना लावून बघायचो, की बसतो का.

डेड कॅल्म म्हणजे वारा साफ पडलेला, समुद्र ताटात वाढलेल्या पाण्यासारखा. तो होडीला लागू पडतो, चार माणसांना नाही. डेड हीट, म्हणजे शर्यतीत दोघं एकदम पोचले. इथे कसली शर्यत? डेड वेट म्हणजे निव्वळ भार. डेड स्लो म्हणजे अगदी हळू. डेड लाइट नावाची जहाजाच्या खिडकीची झडप असते, हे मला त्या दिवशी कळलं. डेड रेकनिंग म्हणजे किनारा किंवा तारे दिसत नसताना वेग आणि दिशा धरून गलबत कुठे आलंय याचा अंदाज बांधणं. हे मी सांगितलं तेव्हा कतरीनबाय म्हणाली, “ह्ये आमचा पास्कू करतो. पन त्याला मेलेला कशाला बोलतात?” साहेब म्हणाले, “ते इंग्रजांना विचारावं लागेल.”

“चौघांना लागेल असा सबद सांग,” ती म्हणाली.

तसे थोडेच होते. डेड टायर्ड, म्हणजे खूप दमलेले. डेड अस्लीप, म्हणजे गाढ झोपलेले. मग साहेब एका शब्दावर अडखळले. मी म्हणालो, “सांगा की.”

“डेड ड्रंक,” ते म्हणाले. “दारू पिऊन बेशुद्ध पडलेले.”

मुंबई इलाख्यात दारूबंदीचा धाक सुरू झालेला होता. अशी तार कुणी सरकारी यंत्रातून धाडली असती तर मोठंच प्रकरण झालं असतं. पण कतरीनबाय ताठ बसली आणि म्हणाली, “पिऊन पडले असतील तर पडू देत. चालतील मना.”

दारात उभ्या असलेल्या सदूभाऊंना हसू आलं आणि लगेच रडूही आलं. त्यांनी तोंड फिरवलं.

मग तिनं जे विचारलं, त्याची मला भीती होती. “आनि फुडे असला कुठलाच सबद नाय आला तर?”

काय सांगायचं? मी साहेबांकडे पाहिलं. त्यांनी कोश मिटला होता. हे उत्तर माझ्यावर सोडलं होतं त्यांनी. खोटी आशा दाखवणं सोपं होतं. पण ती बाई मला खरं विचारत होती.

“तर मग अर्थ तोच,” मी म्हणालो. “चंद्राला वाटला तो.”

तिनं मान हलवली. “बरं,” म्हणाली. “मंग आमी थांबतो.”

तोवर बातमी पाचूबंदरला पोचली होती. कोण घेऊन गेलं कळलं नाही, पण बायका-पुरुष पोस्टाकडे येऊ लागले. ओटा भरला, रस्ता भरला. कुणीतरी येऊन सांगितलं, की चौघं गेल्याचं कळल्यामुळे देवळात मयताची घंटा वाजवायची तयारी चाललीय. वसईचे ख्रिस्ती लोक चर्चला देऊळच म्हणतात. ती घंटा एकदा वाजली की घरोघर गुडघे टेकले जातात, मेलेल्याच्या आत्म्यासाठी प्रार्थना सुरू होते, आणि माणूस गेला यावर सगळ्या गावाचं शिक्कामोर्तब होतं.

कतरीनबाय खिडकीशी गेली. तिनं बाजारात द्यायची तशी हाक दिली. “घंटा वाजवायची न्हाय! सांगा पाद्रीबाबाला, कतरीन बोलते. माझ्या मानसांची तार अजून यायची हाय!”

कोण जाणार, म्हणून सगळे एकमेकांकडे बघत राहिले. तेव्हा सदूभाऊंनी धोतराचा काचा मारला, कुणाचीतरी सायकल ओढली आणि निघाले. वकिलांची तार त्यांच्या खिशात तशीच राहिली होती. घंटा वाजली नाही. ते पोचले तेव्हा घंटेचा दोर हातात घेतलेला होता, असं त्यांनी मला नंतर सांगितलं.

आम्ही वाट बघत बसलो. मी हाक द्यायचो, सुई बघायचो. सुई मेलेली. चंद्रा कतरीनबायच्या मांडीवर डोकं ठेवून पडली होती. कतरीनबायच्या ओठांची हालचाल दिसत होती, माळेचे मणी बोटांतून सरकत होते. पण डोळे यंत्रावर होते. मधेच तिनं मला विचारलं, “ह्या डब्यात काय हाय?” मी म्हटलं, काही नाही, रिकामा आहे, आवाज मोठा व्हावा म्हणून ठेवलाय. ती म्हणाली, “मंग दुसरा पन ठेव.”

तिकडे पापडी गावाच्या पुढे एक माड वाकून आमच्या तारेवर टेकला होता. धर्माला तो दिसला. एकट्यानं माड तोडणं शक्य नव्हतं, म्हणून त्यानं शेजारच्या वाडीत जाऊन हाका मारल्या. तिथल्या माणसांनी कोयते आणले, दोर आणले. कशासाठी, हे कळल्यावर एक जण जेवता जेवता ताटावरून उठून आला होता. माड बाजूला ओढला, धर्मा खांबावर चढला आणि त्यानं तुटलेली टोकं पिळून जोडली.

यंत्रात जीव आला तो एकदम. कट्ट, कडकट्ट. बाकावर दोघी ताठ झाल्या. बाहेरची गर्दी खिडकीला येऊन लागली. मी मुंबईला हाक दिली आणि सांगितलं, की डेडच्या पुढचं सगळं परत पाठवा.

तारेत शब्द एकदम येत नाही, अक्षर अक्षर करत येतो. पहिलं अक्षर बी. टायर्डचं नाही, अस्लीपचं नाही, ड्रंकचंही नाही. मग ई. मला वाटलं, संपलं. ‘बॉडी’ लिहिताना तिकडच्या माणसाचा हात चुकला असेल. मग ए. मग टी. बीट. बीट म्हणजे मार. डेड बीट? मारून टाकलं? परमुलखातल्या किनाऱ्यावर कुणी चोर समजून मारलं की काय? पण हाताला सवय असते, तो लिहीत राहिला.

बट.

सेफ.

विथ मी.

आणि मग पाठवणाऱ्याची सही. तो तिथल्या दीपगृहाचा रखवालदार होता.

मी उठलो. काहीतरी चांगलं, नीट बोलावं असं वाटत होतं. तोंडातून निघालं ते एवढंच, “आहेत. चौघंही आहेत.”

“जित्ते?”

“जिवंत. सुखरूप.”

बाहेर जो गलका झाला तो किल्ल्याच्या तटापर्यंत गेला असेल. चंद्रा हसत होती, रडत होती, आपल्या बांगड्यांकडे बघत होती. बर्वेसाहेब भिंतीकडे तोंड करून कॅलेंडर वाचत होते. कतरीनबायनं मात्र कागदाकडे बोट दाखवलं. “कुठला सबद आला?”

“डेड बीट,” मी म्हणालो. अर्थ मलाही येत नव्हता. साहेबांनी परत कोश उघडला, आणि सापडला. अंगातलं सगळं त्राण गेलेले, मेल्यागत थकलेले. तो शब्द त्याच पानावर होता. घाईत आमच्या दोघांच्याही नजरेतून सुटला होता.

“थकले,” ती म्हणाली. “एवढंच ना?” आणि पदर खोचून बाहेर पडली. ओट्यावर तिनं बायकांना सांगितलं, “चला, भात टाकायचा हाय.”

त्या दीपगृहवाल्याबद्दल मी नंतर पुष्कळ विचार केला. तारेत प्रत्येक शब्दाला पैसे पडतात. शहाणा माणूस ‘ऑल सेफ’ एवढ्यात काम उरकतो. याला कशाला हवं होतं ते इंग्रजी? आमची ती दुपार त्या शब्दापायी गेली. पण पुढे हिरूनं मला सगळं सांगितलं. होडी फुटल्यावर ते एका फळीला धरून लाटांत होते. किनाऱ्याला लागले तेव्हा चालता येत नव्हतं, बोलता येत नव्हतं. त्या माणसानं एकेकाला पाठीवर घालून वर नेलं, कोरडे कपडे दिले, पेजेचा घोट पाजला. मग मला वाटलं, ज्यानं त्यांना त्या दशेत पाहिलं, त्याला नुसतं ‘सुखरूप’ लिहून समाधान झालं नसेल. यांनी काय सोसलंय हे घरच्यांना कळावं, असं त्याला वाटलं असेल. त्यासाठी त्यानं पदरचे जादा पैसे घातले. तो कोण, कुठला, गोरा की आपल्यातला, मला कधीच कळलं नाही. साहेबांच्या परवानगीनं मी त्याला एक आभाराचं पत्र टाकलं होतं. उत्तर आलं नाही. बदली झाली असेल. एकदा तिकडे जाऊन त्याला भेटायचं मनात होतं, ते राहून गेलं. ही रुखरुख आहे.

चौघं घरी आले ते दुसऱ्या एका गलबतातून. गलबत खाडीच्या तोंडाशी दिसलं, अशी वर्दी आली तेव्हा माझी सुट्टी व्हायला अवकाश होता. पण साहेबच म्हणाले, “जाऊन ये. लाइन मी ऐकतो.” मी गेलो, धर्मा आला, सदूभाऊही आले. सगळं पाचूबंदर वाळूवर उभं होतं. पाद्रीबाबा होते, हिरूची म्हातारी आई नारळ घेऊन उभी होती.

चौघं गुडघाभर पाण्यात उतरले. दाढ्या वाढलेल्या, अंगावर कुणाचे तरी ढगळ सदरे, जुजेच्या हाताला फडकं बांधलेलं.

कतरीनबाय एकटी पुढे झाली. पाण्याच्या काठाशी उभी राहिली, कमरेवर हात ठेवले आणि माझ्या खिडकीपर्यंत यायचा तो आवाज तिनं लावला.

“मेल्यांनो! दर्या काय माहेर व्हतं तुमचं? निघायला एवढा येळ?”

पास्कू पाण्यात थांबला. मग खो खो हसायला लागला. जुजे हसला, मिंगेल हसला, किनारा हसला. हिरू मात्र हसला नाही. तो चंद्राला शोधत होता.

कतरीनबाय तिथेच, ओल्या वाळूत, मटकन खाली बसली. एवढ्या दिवसांत जे डोळ्यांतून काढलं नव्हतं ते सगळं आलं. तोंडात पदर कोंबून ती हमसाहमशी रडू लागली. पास्कू धावत आला, पण त्याच्या आधी चंद्रा पोचली होती. तिनं कतरीनबायचे दोन्ही हात आपल्या हातांत धरले आणि लाटेनं लुगडी भिजली तरी दोघी उठल्या नाहीत.